किनाऱ्यावरचं पाणी रीफ टाकीत नको

घरात रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळाची खाऱ्या पाण्याची टाकी असली आणि दारात समुद्र असला, की कॅन भरून आणायचा मोह होतोच. पावसाळ्यात तर अजिबात आणू नका. पऱ्ह्यांचं (ओढ्यांचं) गोडं पाणी आणि गाळ मिसळून खारटपणा पार उतरलेला असतो. त्याऐवजी आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट (अशा टाकीसाठी मिळणारं मीठ) विरघळवा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) सापेक्ष घनता १.०२५ येईपर्यंत. मालवणच्या खडकांवरचं जिवंत प्रवाळही उचलू नका, वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे. ५०० लिटरची टाकी अर्ध्या टनाच्या वर भरते, म्हणून जुन्या घराच्या माडीवर ती नकोच. आणि पाणी आटलं की भर साध्या आरओ पाण्याचीच घाला: वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारा, रोज सकाळी तेवढंच भरा.