रस्त्याखाली जाणारे कोळशाचे खड्डे: उत्खननात या चुका टाळा

आयर्लंडमध्ये नव्या मोटरवेच्या पट्ट्यातली वरची माती काढली, की चिकणमातीत कधी कधी एक काळा आयताकृती डाग उमटतो. साधारण दोन-तीन मीटर लांब, कडा भाजून लाल झालेल्या. आत ना मडक्याचा तुकडा, ना हाड. हा लोणारी कोळसा पाडायचा खड्डा. लाकडं रचायची, वरून गवताची ढेपळं आणि माती लिंपायची आणि हवा कोंडून ते धुमसत ठेवायचं. लोखंड गाळायला आणि घडवायला लागणारा कोळसा असा तयार व्हायचा. यातल्या पुष्कळ खड्ड्यांचा काळ सातव्या ते तेराव्या शतकात पडतो.

पहिली चूक मशीन लावतानाच होते. शतकानुशतकांच्या नांगरटीने खड्ड्याचा वरचा भाग गेलेला असतो, उरतो तो कधी कधी वीतभर तळ. दाताची बकेट तोही ओरबाडून नेते. सपाट पात्याचीच बकेट लावा, माती पातळ थरांनी काढा आणि बकेटवर नजर ठेवणारा माणूस तिथून हलू देऊ नका.

काळं दिसलं की ‘कोळशाचा खड्डा’ असं लिहून मोकळं होऊ नका. तडकलेल्या दगडांचा खच असेल, तर ती पाणी तापवायची कांस्ययुगीन जागा असू शकते. जळलेले धान्याचे दाणे निघाले तर धान्य वाळवायची भट्टी, लोहमळी, म्हणजे लोखंड गाळताना-घडवताना उरणारा मळ, निघाली तर लोखंडाचं काम. वेडावाकडा चंद्रकोरीसारखा आकार बहुधा उन्मळलेल्या झाडाचा असतो.

सगळ्यात महाग पडते ती कालमापनातली चूक. मोठा, टणक, देखणा तुकडा उचलून कार्बन-१४ साठी पाठवायचा मोह होतो. तो बहुधा असतो ओकचा. ओक शेकडो वर्षं जगतो आणि त्याच्या गाभ्यातली वलयं झाड तोडण्याच्या कितीतरी आधी तयार झालेली असतात. मग खड्डा प्रत्यक्षापेक्षा शंभर-दोनशे वर्षं जुना ठरतो आणि गावाचा सगळा इतिहास मागे सरकतो. म्हणून आधी लाकूडतज्ज्ञाकडून ओळख करून घ्या, नमुना मग निवडा. हेझल या झुडपाची काटकी, साल शाबूत असलेली बारीक फांदी किंवा ओकचं बाहेरचं लाकूड चालतं. ओकच्या वाहिन्या, म्हणजे लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, आतून फुगवट्यांनी बुजलेल्या दिसल्या, तर तो गाभा आहे, बाजूला ठेवा. तुकडाही तळाशी रचलेल्या जागीच पडून असलेल्या ओंडक्यांतला घ्या. वरच्या भरावात नंतर वाहून आलेलं काहीही असू शकतं. ते ओंडके दिसले की उचलायच्या आधी त्यांची दिशा नकाशावर काढा. लाकूड कसं रचलं होतं, हे सांगणारा दुसरा पुरावा मिळत नाही, आणि हा भाग घाईत गेला की मला खरोखर वाईट वाटतं.

नमुना ओला असताना हवाबंद पिशवीत कोंबून आठवडेच्या आठवडे ठेवू नका. त्यावर बुरशी धरते, आणि बुरशीत आजचा कार्बन असतो. कापूस किंवा टिश्यू पेपरातही गुंडाळू नका, त्यांचे धागे चिकटतात.

खड्डा आधी निम्माच खणा आणि मधल्या उभ्या छेदात थर मोजा. काळ्या थरांच्या मध्ये भाजलेल्या मातीचा थर आला, तर एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा कोळसा पाडला असण्याची शक्यता आहे. प्रत्येक थराची माती वेगळ्या बादलीत घ्या. पाण्यात तरंगवून वर आलेला कोळसा बारीक चाळणीत धरा, पण खाली बसलेला गाळ फेकू नका, त्यातून लोहचुंबक फिरवा, म्हणजे लोखंडकामाचे कण असतील तर हाती लागतील.