पहिला ट्रेन सिम्युलेटर घेताना: आधी एकच मार्ग घ्या

माझे बाबा मध्य रेल्वेवर मोटरमन होते. लहानपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे गाडीचं वेड घरातूनच आलं. आता मुलुंडच्या घरी जेवणं आटोपली की मी रोज तासभर लॅपटॉपवर गाडी चालवते. सोसायटीतली मुलं विचारतात, "ताई, कुठला गेम घेऊ?" दर वेळी तेच सांगते, ते इथे लिहून ठेवते.

पहिला गोंधळ नावांचा. 'ट्रेन सिम्युलेटर क्लासिक' आणि 'ट्रेन सिम वर्ल्ड' हे दोन्ही डव्हटेल या ब्रिटिश कंपनीचे, पण गेम वेगळे. एकाचा मार्ग किंवा इंजिन दुसऱ्यात चालत नाही. तसंच स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेलं ॲड-ऑन (गेमला जोडायचा जादा मार्ग किंवा इंजिन) प्लेस्टेशनवर मिळत नाही. क्लासिक जुना, २००९च्या रेलवर्क्सपासून तोच वाढत आलाय. चित्र थोडं जुनाट, पण साध्या लॅपटॉपवरही निभावतं आणि त्याचे मार्ग ढिगाने आहेत. 'वर्ल्ड' २०१७ पासूनचा. त्यात केबिनमध्ये उभं राहता येतं, दार उघडून फलाटावर उतरता येतं, मात्र त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं. कॉम्प्युटरची कुवत बघून दोघांतला एक निवडा आणि निदान वर्षभर त्यालाच धरून राहा.

आता ॲड-ऑन. इथे मी स्वतः पैसे घालवलेत. एका सेलमध्ये रात्री साडेअकराला एक डिझेल इंजिन आवडलं, लगेच घेतलं. डाउनलोड झालं, गेम उघडला, तर त्या इंजिनाची गाडी कुठेच दिसेना. ते ज्या मार्गावर धावतं तो मार्ग माझ्याकडे नव्हता, आणि तो वेगळा विकत घ्यावा लागणार होता. वर्णनात तसं लिहिलेलं होतं, पण पार खाली, आणि मी तिथवर वाचलंच नव्हतं. म्हणून किमतीकडे बघण्याआधी पान शेवटपर्यंत वाचा. कुठला मूळ गेम लागतो आणि कुठला दुसरा मार्ग लागतो, हे दोन्ही बघा. क्लासिकमध्येही हीच भानगड आहे: मार्ग तुमच्याकडे असतो, पण एखाद्या सिनॅरिओत, म्हणजे गेमने आखून दिलेल्या फेरीत, दुसऱ्याच ॲड-ऑनचे डबे जोडलेले असतात आणि तो चालत नाही.

मार्ग कुठला घ्यायचा? मुंबईकराने ब्रिटनपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. तिथेही गाडी डावीकडून जाते, आणि सिग्नलचे रंग आपल्याच ओळखीचे: हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. जर्मन मार्ग सुंदर आहेत, पण सिग्नलपाशी वेग तपासून ब्रेक लावणारी त्यांची पीझेडबी यंत्रणा शिकेपर्यंत नवा माणूस दहा वेळा इमर्जन्सी ब्रेक खाऊन कंटाळतो. ब्रिटिश गाडीत पिवळ्या सिग्नलआधी भोंगा वाजतो, तेवढं लगेच कीबोर्डवरचं क्यू दाबायचं. उशीर झाला तर ब्रेक आपोआप लागतो.

मी 'वर्ल्ड'मधल्या ईस्ट कोस्टवेवर शिकले. ब्रायटन ते ईस्टबोर्न, दर थोड्या मिनिटांनी स्टेशन, अगदी आपल्या लोकलसारखं. एका रविवारी बाबांना खुर्चीत बसवलं. तिथली ३७७ वर्गाची विजेवरची गाडी, पॉवर आणि ब्रेक एकाच हँडलवर. कुठली बटणं ते मी सांगितलं. पहिलं स्टेशन जवळ आलं तेव्हा बघितलं, तर त्यांचा एक तळवा टेबलावर घट्ट दाबलेला होता, डेडमन्स हँडल (हात सुटला की गाडी आपोआप थांबवणारं) धरल्यासारखा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी हात ते विसरला नव्हता. फलाटावर शिरताना त्यांनी ब्रेक थोडा जास्त घेतला, मग तिसऱ्या पायरीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली. गाडी धक्का न देता, डब्यांच्या आकड्याच्या पाटीसमोर उभी राहिली. आपल्या फलाटावर १२ डबा, १५ डबा अशा पाट्या असतात ना, तशीच. "ब्रेक घेत घेत थांबायचं नाही, सोडत सोडत थांबायचं," एवढंच बोलले. माझं थांबणं त्या दिवसापासून सुधारलं. नवीन माणसाने एकाच मार्गावर आठवडाभर फक्त हेच करावं. हवा स्वच्छ ठेवा, पाऊस आणि धुकं नंतर.

आपल्याकडची इंजिनं हवी असतील तर ओपन रेल्स बघा. तो फुकट आहे, आणि २००१च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेले मार्ग त्यात चालतात. भारतातल्या हौशी लोकांनी त्यासाठी वॅप-४सारखी इंजिनं बनवली आहेत. फायली योग्य फोल्डरमध्ये टाकायला एक संध्याकाळ जाते, पण खर्च शून्य.

पैशांचं थोडक्यात. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआय चालतं. जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस मोठे सेल लागतात, त्यात जुने मार्ग बरेच उतरतात. नुकताच आलेला मार्ग पूर्ण किमतीला घेऊ नका. गेम पटला नाही तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. ॲड-ऑनलाही तेच, फक्त तिथे ते घेतल्यानंतर मूळ गेम किती खेळलात ते मोजतात. शिकवणीच्या धड्यांचा वेळही या २ तासांतच धरला जातो, म्हणून डाउनलोड झाल्यावर धडे बाजूला ठेवून आधी एक गाडी सुरू करा आणि तुमच्या लॅपटॉपवर ती अडखळत नाही ना, एवढं बघून घ्या.