राइडिंग कमी करून दुसऱ्या खेळात उतरताय? या चुका टाळा

आठवी-नववीपर्यंत पहाटे उठून घोड्यावर राइडिंग, मग शाळेत कुणीतरी पळताना बघतं किंवा रेंजवर रायफल हातात देतं, स्कोअर बरा येतो आणि घरात चर्चा सुरू, की बाई आता दोन्ही जमायचं नाही, एक कायतरी निवड. पुण्या-मुंबईत हे बऱ्याच घरांत होतं आणि त्यात वाईट काहीच नाही. निवडल्यावर पहिल्या महिन्यात लोक जे करतात तिथे मात्र घोडं पेंड खातं, आणि भोगायला लागतं ते बहुतेक वेळा घोड्यालाच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःचा घोडा असेल तर त्याचं काम एकदम बंद करणं. रोज तासभर फ्लॅटवर्क (उड्यांशिवायचा सराव), आठवड्यातून दोनदा जम्पिंग करणारा फिट घोडा अचानक ठाणबंद होतो आणि चंदी (दाण्याचा खुराक) मात्र तेवढीच चालू राहते, कारण सायसाला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) कुणी काही सांगितलेलंच नसतं, त्याने आपलं नेहमीचं माप टाकलं. खुराक पोटात जात राहतो, खर्च काहीच नाही. मग दहा दिवसांनी नव्या खेळाच्या प्रॅक्टिसला सुट्टी असते म्हणून मुलगी येते, "जरा एक कॅन्टर मारते" म्हणते (कॅन्टर म्हणजे सावकाश दौड), आणि पंधरा-वीस मिनिटांत घोडा मागून आखडतो, घाम सुटतो, पाऊल टाकायला तयार नाही, कधी लघवी कॉफीच्या रंगाची. याला टाइंग-अप म्हणतात. अशा वेळी "चालवला की मोकळा होईल" हे ऐकू नका, आहे तिथेच थांबवा, खाली उतरा, पाणी समोर ठेवा आणि व्हेटला फोन करा. चालवून स्नायूंचं नुकसान वाढतं.

टाळायचं कसं, तर काम दोन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवा, आधी जम्पिंग बंद, मग कॅन्टर कमी, मग नुसती दुडकी आणि चाल. काम कमी झालं त्याच दिवसापासून चंदी कमी, यात उद्या-परवा नको. वैरण मात्र कमी करायची नाही, साधारण ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान ७ किलो तरी सुका चारा पोटात गेला पाहिजे, नाहीतर अल्सर आणि कॉलिक, म्हणजे घोड्याची पोटदुखी. चारा किंवा दाणा बदलायचा असेल तर तोही आठ-दहा दिवसांत हळूहळू, लसूण घास एकदम वाढवू नका. आणि रोज पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या मोकळ्या जागेत) सोडणं किंवा हाताने फिरवणं हवंच. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, घोडा काम करत नाही म्हणून खूर वाढायचे थांबत नाहीत. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, सगळं चालू.

अजून एक, "मित्राचं मुळशीला फार्म आहे, तिथे सोडून देऊ". सोडा, पण आधी बघा की तिथे दुसरा घोडा आहे का, कारण एकटा घोडा खंगतो. नेण्याआधी ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची टेस्ट करून घ्या, हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह केस निघाली की सरकारी कारवाई होते, घोडा वाचत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर फार्मवर चावऱ्या माश्या वाढतात, त्यांच्यामुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार होतो. ताप येऊन-जाऊन, पायांवर सूज, खाऊनही वाळत चाललाय असं दिसलं तर रक्त तपासा. महिन्यातून एकदा व्हॉट्सॲपवर फोटो मागवून हे कळत नाही, जाऊन बघावं लागतं.

आता स्वतःच्या शरीराचं. सात-आठ वर्षं राइडिंग केलेल्या पोराला वाटतं आपण फिट आहोत, आणि एका अर्थाने असतोच, मांड पक्की असते, बॅलन्स चांगला, पोट-कमरेत ताकद असते. पण राइडिंगमधले पाय धक्का सोसत नाहीत, ते धरून ठेवतात. मांडीचा आतला भाग मजबूत, कमरेपुढचे स्नायू आखडलेले, आणि नडगीच्या हाडाला जमिनीवर आपटायची सवयच नाही. म्हणून ॲथलेटिक्सला गेलेले रायडर्स पहिल्या महिन्यात दम आहे म्हणून पळत सुटतात आणि नडगी धरून बसतात. दमापेक्षा हाडांना जास्त वेळ लागतो, किलोमीटर हळू वाढवा, कोचला कंटाळा आला तरी. रोइंगला जाणाऱ्यांनी आधी हॅमस्ट्रिंग आणि कंबर मोकळी करावी, नाहीतर एर्गवर (रोइंगच्या सरावाच्या मशीनवर) पुढे वाकताना सगळा ताण पाठीवर येतो. शूटिंगवाल्यांचं त्या मानाने बरं असतं, शांत उभं राहायची सवय कामाला येते.

मॉडर्न पेंटाथलॉनबद्दल, म्हणजे पाच खेळ एकत्र असलेल्या स्पर्धेबद्दल, एक गैरसमज अजून फिरतोय, की पोराला राइडिंग येतं म्हणजे एक पंचमांश काम झालंच. नाही हो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या नंबरवर होती, लॉटमध्ये मिळालेला घोडा सेंट बॉय उडी मारायलाच तयार होईना आणि ती ३१व्या स्थानावर गेली, घोड्याला मारल्यावरून जगभर गदारोळ झाला. १९१२ पासून खेळात असलेलं राइडिंग २०२४ च्या पॅरिसनंतर बाहेर पडलं, आता लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये त्या जागी ऑब्स्टॅकल कोर्स असेल, म्हणजे लटकणं, चढणं, उड्या. ज्याला हा खेळ घ्यायचाय त्याने पोहणं, फेन्सिंग आणि पकड यावर वेळ घालवावा, तबेल्यात नको.

दोन्ही खेळ काही महिने एकत्र चालणारच असतील तर राइडिंगच्या दिवसाला रेस्ट डे समजू नका. आणि पडलात, डोक्याला लागलं, तर हे दोन्ही कोचना सांगायचं. हे खूप घरांत लपवलं जातं, सिलेक्शन हातचं जाईल म्हणून. गरगरतंय, डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टर, आणि परत येणं पायरीपायरीने, दुसरा खेळ "सेफ" आहे म्हणून चालत नाही. मोठ्या सिलेक्शनच्या आधीचे दोन-तीन आठवडे घोड्यावर बसूच नका, हे माझं स्पष्ट मत.

घोडा घाईत विकणं हीसुद्धा चूकच. राइडिंगमध्ये वय फार लवकर संपत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला जम्पिंगमध्ये होते, नंतर थेट २००८ ला ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत) आले आणि २०१२ ला लंडनमध्ये ७१व्या वर्षी उतरले. आपल्या पोरांचं तर एफईआय या आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी संघटनेच्या नियमात ज्युनियर १८ पर्यंत आणि यंग रायडर २१ पर्यंत असतं, म्हणजे दोन-तीन वर्षं बाजूला होऊन परत यायला जागा आहे. घोडा वयाने मोठा होतो हे खरंय, तो थांबत नाही, म्हणून परवडत असेल तर आधी हाफ-लीजचा, म्हणजे घोडा आठवड्यातले काही दिवस दुसऱ्याला वापरायला देऊन खर्च वाटून घेण्याचा, विचार करा. पण तोंडी नको, ओळखीतला असला तरी. व्हेटचं बिल कुणाचं, नालांचे पैसे कुणाचे, आठवड्यात किती दिवस, कमाल किती उंचीची उडी, तिसऱ्या कुणाला बसवायचं का, हे सगळं कागदावर. भांडणं होतात ती बहुतेक उडीच्या उंचीवरून आणि व्हेटच्या बिलावरून.

खोगीर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, एका पावसाळ्यात बुरशी धरते. साफ करून, तेल लावून, सुती कापडात, हवेशीर जागी. हेल्मेट पाच वर्षांचं झालं असेल किंवा त्यावर एकदा जोरात पडला असाल तर ते परत वापरायचं नाही, धाकट्या भावालाही द्यायचं नाही. आणि सुट्टीत परत बसायचं ठरलं तर खोगीर आधी घोड्याच्या पाठीवर नुसतं ठेवून बघा, काम बंद झाल्यावर पाठीचे स्नायू उतरतात आणि जुनं खोगीर खांद्यामागे टोचायला लागतं. पहिले तीन-चार आठवडे चाल आणि थोडी दुडकी, कॅन्टर त्यानंतर, आणि चंदी वाढवायची ती काम वाढल्यावरच.