बोटीवरच्या वायरलेसची खरखर नेमकी कुठून येते, ते कसं शोधायचं

रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीला लागलेल्या एका ट्रॉलरवर चढलो होतो. तांडेलकाकांची (बोट चालवणाऱ्या प्रमुखाची) तक्रार एवढीच की वायरलेसवर हल्ली कोणी बोलतच नाही. सेट चालू, लाइट पेटलेली, चॅनल १६ (मदतीच्या हाकेचं आणि बोलावण्याचं) लावलेलं, पण आवाज शून्य. बघितलं तर स्क्वेल्चचं बटण पार शेवटपर्यंत पिळलेलं. काका म्हणाले, "रात्रीचं जाम खरखरतं रे, पोरांना झोप लागत नाही, म्हणून फिरवून ठेवलं." मी बटण मागे नेहमीच्या जागेवर आणलं, लगेच खरखर सुरू झाली, मग केबिनच्या छताला चिकटवलेली एलईडीची पट्टी बंद केली आणि खरखर एकदम थांबली. मिनिटभरात त्याच सेटवर लांबच्या कुठल्यातरी बोटीवाल्याचा बारीक आवाज आला, जाळं फाटल्याचं सांगत होता. तो आधीही बोलतच असणार, फक्त या बोटीवर ते पोचत नव्हतं.

म्हणून आधी स्क्वेल्च काय करतो ते समजून घ्या. बटण पूर्ण उघडं ठेवलं तर कुठलाही व्हीएचएफ (म्हणजे हाच बोटीवरचा वायरलेस) सेट 'श्श्श' करतोच, तो बिघाड नाही. स्क्वेल्च म्हणजे दरवाजा आहे, ठरावीक ताकदीच्या खालचं काहीही तो आत सोडत नाही. बोटीवरच्याच एखाद्या वस्तूने खरखर वाढवली की आपण दरवाजा अजून घट्ट करतो, आणि मग खरखरीबरोबर लांबची बोट पण बाहेरच राहते. जवळचा माणूस मात्र खणखणीत ऐकू येतो, म्हणून वाटतं की सेट ठीक आहे. पण मदतीची हाक नेहमी जवळूनच येईल असं थोडंच आहे? त्यामुळे बटण पिळणं हा उपाय धरू नका, खरखर करणारी वस्तू शोधून काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि बहुतेक वेळा खर्च अगदी थोडा.

लागणारं सामान असं: साधा मल्टिमीटर, एक चार्ज केलेली १२ व्होल्टची सुटी बॅटरी, फ्यूज लावलेली दोन हात वायर, वही-पेन, आणि मिळाला तर ५ वॅटचा हातातला व्हीएचएफ सेट. जोडीला एक माणूस घ्या, कारण एकाने स्विच मारायचे आणि दुसऱ्याने ऐकायचं. जेटीला बाकीच्या बोटी खेटून असतात, त्यांचे चार्जर आणि दिवे पण खरखर पाठवतात, म्हणून जमलं तर बोट थोडी बाहेर नेऊन नांगरून हे करा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोट वर काढलेली असते तेव्हा वायरिंगची कामं उरकून घ्यावीत, पण ऐकायची परीक्षा इंजिन चालवल्याशिवाय पुरी होत नाही, त्यामुळे ती बोट पाण्यात उतरल्यावर आणि पहिल्या फेरीच्या आधी.

आधी नुसतं ऐका

घाई करू नका, पाच मिनिटं कान लावून बसा, आवाजावरूनच अर्धं काम होतं. इंजिनाचा वेग वाढवला की शिट्टी बारीक होत वर चढते आणि कमी केला की खाली येते, तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याच्यावर. वेगाबरोबर टकटक वाढते आणि इंजिन पेट्रोलचं आउटबोर्ड आहे, तर स्पार्क प्लगची बाजू बघा (डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, तिथे त्यात वेळ घालवू नका). एका लयीत टिक-टिक-टिक येतं ते फिश फाइंडरचं (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचं) असू शकतं. पाणी उपसायचा पंप किंवा वायपर लागल्यावरच घर्रर्र येतं ते त्या मोटरच्या कार्बन ब्रशचं. सलग एकसारखी खरखर, जी इंजिन बंद असतानाही येते, तिथे एलईडी, कन्व्हर्टर (२४ व्होल्टचे १२ करणारा), इन्व्हर्टर किंवा मोबाइलचा चार्जर. आणि बोट डुलली की कडकड, पाणी शांत असलं की गप्प, असं असेल तर कुठेतरी ढिला जोड आहे किंवा गंजलेलं लोखंड लोखंडाला घासतंय.

मग सगळं बंद करा, आणि एकेक चालू

हीच खरी परीक्षा. इंजिन बंद, सगळी उपकरणं बंद, फक्त व्हीएचएफ बॅटरीवर चालू. इथे लोक एक चूक हमखास करतात, उपकरणाचा स्विच बंद करतात पण कन्व्हर्टरला करंट चालूच राहतो आणि खरखर करतो तो कन्व्हर्टरच. म्हणून जिथे शक्य तिथे फ्यूज काढा. सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये अडकवलेला स्वस्तातला यूएसबी चार्जर तर मोबाइल जोडलेला नसला तरी काढून बाजूला ठेवा, माझ्या अनुभवात एलईडीच्या खालोखाल हाच सापडतो.

आता १६ सोडून एखादं शांत चॅनल लावा. स्क्वेल्च उघडा, 'श्श्श' येऊ द्या, मग बटण अगदी हळू फिरवत आवाज जिथे जेमतेम बंद होतो तिथेच सोडा, त्याच्या पुढे केसभर पण नको. सेट आता काठावर आहे, थोडी जरी खरखर वाढली तरी दरवाजा उघडून ती बाहेर येईल. मग एकेक वस्तू चालू करा, प्रत्येकीला अर्धा मिनिट द्या, वहीत लिहा, बंद करा, पुढची घ्या. केबिनचा दिवा, डेकचा दिवा, डोलकाठीवरचे दिवे, जीपीएस, फिश फाइंडर, पंप, इन्व्हर्टर, चार्जर, गाण्यांचा टेप. शेवटी इंजिन, आधी सावकाश आणि मग वेगात. एकाहून जास्त वस्तू सापडल्या तर गोंधळू नका, असं होतंच, आणि सगळ्यात मोठी खरखर बंद केल्याशिवाय तिच्या मागची छोटी ऐकूच येत नाही, म्हणून दुरुस्तीनंतर हीच परीक्षा परत एकदा.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये एलईडी दिव्यांबद्दल इशारा काढला होता, त्यात परीक्षा हीच सांगितलेली आहे, आणि कारण हेच की अँटेनाजवळच्या एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस (जहाजाचं नाव आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) दोन्हीचं ऐकणं बिघडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. एआयएस १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि चॅनल १६ आहे १५६.८ वर, म्हणजे दोघं शेजारीच, एकाला त्रास तर दुसऱ्याला पण. (मी इथे बोटीवरच्या साध्या दिव्यांबद्दल बोलतोय. मासे गोळा करायला लावतात त्या एलईडीवर २०१७ पासून बंदीच आहे.)

खरखर आत कुठल्या वाटेने येते

वस्तू सापडली, आता वाट शोधायची. वाटा दोनच, एक अँटेनाची आणि दुसरी करंटच्या वायरची. खरखर चालू असताना सेटच्या मागचा अँटेनाचा प्लग काढा. खरखर गेली तर ती हवेतून अँटेनावर येत होती, राहिली तर वायरीतून. प्लग काढलेला असताना माइकचं बटण चुकूनही दाबायचं नाही, अँटेनाशिवाय २५ वॅट सोडले तर सेटचा आउटपुट जळू शकतो, म्हणून माइक जोडीदाराच्या हातात न देता आधी बाजूला टांगून ठेवा.

वायरीचा संशय पक्का करायला सेट बोटीच्या वायरिंगवरून काढून त्या सुट्या बॅटरीवर लावा, प्लस-मायनस दोनदा बघून. बाकी बोट जशीच्या तशी चालू. खरखर गेली तर बोटीचं वायरिंग दोषी. हातातला व्हीएचएफ असेल तर अजून सोपं, तो घेऊन केबिनभर हळूहळू फिरा, ज्या वस्तूजवळ नेल्यावर खरखरतो ती वस्तू.

कशावर काय करायचं

एलईडी दिव्यात मूळ दोष असतो तो आतल्या छोट्या सर्किटचा, जे करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. पहिला उपाय लांब नेणे. त्या मिरकरवाड्याच्या बोटीत पट्टीची वायर आणि अँटेनाची केबल एकाच प्लास्टिकच्या पट्टीने बांधून सात-आठ फूट बरोबर नेली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या दोघी वेगळ्या केल्या, हातभर अंतर ठेवलं, जिथे ओलांडायच्याच होत्या तिथे काटकोनात ओलांडल्या, आणि अर्धी खरखर तिथेच गेली. उरलेलीसाठी फेराइटची कडी, म्हणजे वायरीतली खरखर अडवणारी काळी रिंग. ही कडी दिव्याच्या जवळ लावायची, सेटजवळ नाही, आणि प्लस-मायनस दोन्ही वायरी एकत्र तिच्यातून चार-पाच वेढे देऊन काढायच्या. एकच वायर घातली तर करंटमुळे कडी आतून भरून जाते आणि काम करत नाही. व्हीएचएफसाठी ४३ नंबरचं मटेरियल मागा, ३१ पण चालतं. एवढं करूनही नाही थांबलं तर दिवा बदला, घेताना आयईसी ६०९४५ ची (जहाजावरच्या उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषाची) चाचणी झालेला आहे का ते विचारा, महाग असतो पण डोलकाठीवर अँटेनाशेजारी दुसरा काही लावूच नये. आणि खरखरतो म्हणून रात्री डोलकाठीवरचा दिवा बंद ठेवायचा असं कोणी करू नका, मोठी जहाजं तुम्हाला त्या दिव्यावरूनच बघतात.

कन्व्हर्टरची गोष्ट आपल्या ट्रॉलरवर जरा वेगळी आहे. बॅटऱ्या दोन जोडून २४ व्होल्ट, आणि वायरलेस १२ चा. मग एकतर साधासा कन्व्हर्टर येतो नाहीतर दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढलेले असतात. दुसरं तर अजिबात करू नये, एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते. कन्व्हर्टर घ्या, पण धातूच्या पेटीतला, सेटपासून लांब बसवा, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दोन्ही वायरींवर फेराइट लावा. नाहीतर व्हीएचएफला वेगळी १२ व्होल्टची बॅटरीच द्या, मला स्वतःला हाच मार्ग सगळ्यात पटतो, कारण मोठ्या बॅटऱ्या बसल्या तरी वायरलेस चालू राहतो.

सेटची वायर कशीही असो, ती थेट बॅटरीपर्यंत न्या, दिव्यांच्या स्विचबोर्डवरून उसनी घेऊ नका. प्लस-मायनस एकमेकींभोवती पिळून न्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा, सेटच्या पुस्तकात दिलाय तेवढ्याच अँपिअरचा. २५ वॅटवर बोलताना सेट ५-६ अँपिअर ओढतो, वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं. चांगल्या अँटेनावर, कोणी बोलत नसलेल्या चॅनलवर दोन सेकंद माइकचं बटण दाबून सेटच्या टोकाशी मीटर लावा, १२ च्या खाली जात असेल तर वायर जाड करा आणि जोड घासून साफ करा.

अल्टरनेटरची शिट्टी बऱ्याचदा आपल्याला नाही तर समोरच्याला ऐकू येते, तो म्हणतो तुझ्या आवाजामागे काहीतरी वाजतंय. इंजिन चालू असताना मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी, तो वायरमनकडून बदलून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघायची सवय काहींना असते, ती सोडा, चांगला अल्टरनेटर त्याने जातो. पट्टा काढून बघायचं असेल तर तोच पट्टा थंड पाण्याचा पंप फिरवत नाही ना ते आधी बघा.

आता अँटेनाकडे, आणि इथे थोडा वेळ द्या, कारण खरखर बाहेरून येत असली तरी केबल चांगली असेल तर ती कमी शिरते. अँटेनाच्या बुडाशी असलेला पीएल प्लग (केबलच्या टोकाचा, फिरवून बसवायचा) उघडा. आत तांब्याची जाळी लालसर चकचकीत दिसायला हवी. हिरवी पावडर किंवा काळी पडलेली जाळी दिसली तर खारं पाणी शिरलंय, आणि ते जाळीच्या धाग्याधाग्यातून वर चढत जातं, म्हणून नुसता प्लग बदलून भागत नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापत जा, हातभर पण जाते कधीकधी. मग नवीन प्लग, नीट डाग देऊन, आणि वरून रबराची स्वतःला चिकटणारी टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे पाणी थराच्या फटीत न जाता वरून ओघळून जाईल. केबल तपासताना दोन्ही टोकं सुटी करून मीटर लावा, आतली तार आणि जाळी जोडलेली दाखवायला नको. अँटेना लावलेली असताना तपासलं तर काही अँटेना बनावटीनेच जोडलेल्या दाखवतात, त्याला घाबरून अँटेना फेकू नका. केबल बदलायचीच असेल तर पातळ आरजी-५८ टाळा, १५ मीटरमध्ये जवळपास निम्मी ताकद तिथेच संपते. आरजी-२१३ घ्या.

डुलण्याबरोबर येणारी कडकड शोधायला जोडीदाराला सेटजवळ बसवा आणि तुम्ही डोलकाठी, तिच्या ताणाच्या तारा, रेलिंग, साखळ्या एकेक करून हाताने हलवा. "आली!" अशी हाक आली की तिथला बोल्ट सोडा, गंज काढा, घट्ट करा.

सगळं झालं की रात्री, सगळे दिवे लावून आणि इंजिन चालवून तीच काठावरची परीक्षा परत करा, आणि दोन-चार मैलांवरच्या ओळखीच्या बोटीला १६ सोडून दुसऱ्या चॅनलवर बोलावून आधी २५ वॅटवर आणि मग १ वॅटवर बोला, १ वॅटवर पण नीट ऐकू आलं तर काम झालं. काकांच्या बोटीवर स्क्वेल्चच्या बटणाशेजारी, आवाज जिथे बंद होतो तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. बटण त्या ठिपक्याच्या बरंच पुढे न्यावं लागलं की कुठली नवीन वस्तू आणली ते आधी विचारायचं, एवढं त्यांच्या पोरांना आता माहीत आहे. आणि कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर १५५४ तिथेच सेटशेजारी लिहून ठेवलाय, किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तेव्हासाठी.