उन्हाला बिलेट समजणारा डिटेक्टर

धुळ्याजवळच्या एका री-रोलिंग मिलमध्ये मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. इथे बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब चौकोनी ठोकळे, तापवून लाटून सळया काढतात. गेल्या मे महिन्यात रोज साडेपाचच्या सुमाराला आमची शिअर, म्हणजे सळई कापणारं यंत्र, रिकामीच चालायची. पट्ट्यावर बिलेट नाही, सळई नाही, आणि पातं खाली! "आप्पा, सेन्सर बिघडी गया," म्हणत पोरांनी दोन हॉट मेटल डिटेक्टर, म्हणजे तापलेला माल आल्याचं शिअरला कळवणारे सेन्सर, बदलले. तिसऱ्या दिवशी मीच शिडीवर चढलो आणि डिटेक्टरच्या मागून समोर पाहिलं, तर फुटक्या पत्र्यातून कलतं ऊन थेट डोळ्यात.

हा डिटेक्टर तापमान मोजत नाही. तापल्या लोखंडातून निघणारे अवरक्त किरण दिसले की आउटपुट चालू करतो, बस. ते उन्हातही असतातच. म्हणून बसवण्याआधी त्याच्या जागेवरून पलीकडे काय दिसतं ते बघा: पत्र्याची भोकं, फर्नेसचं दार, शेजारचा वेल्डर. नेम वरून तिरका, खाली माल वाहणाऱ्या रोलर टेबलकडे धरा आणि भिंगापुढे वीतभर काळी नळी लावा. शंका आली की भिंगावर पत्र्याचं झाकण धरायचं. तरीही पीएलसीचा (मिलची यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा) दिवा पेटलेला राहिला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा डिटेक्टरमध्ये.

लालभडक मालाला सिलिकॉनवाला डिटेक्टर पुरतो. माल काळा पडू लागतो तिथे लेड सल्फाइडवाला घ्या, सिलिकॉनला तो दिसत नाही.

सेन्सिटिव्हिटी लावताना बहुतेक जण चुकतात. फर्नेसमधून नुकत्या निघालेल्या बिलेटवर ती लावू नका. सळईचं शेपूट सगळ्यात थंड असतं, त्यावर ऑक्साइडची खपलीही असते. ते टोक पकडेल इतपतच स्क्रू फिरवा, पुढे नाही.

स्टँडवरच्या (लाटणाऱ्या रोलांच्या चौकटीवरच्या) पाण्याची वाफ आडवी आली की सिग्नल लुकलुकतो. मग कोणी तरी पीएलसीत 200 मिलिसेकंदांचा ऑफ-डिले टाकून मोकळा होतो, म्हणजे सिग्नल गेला तरी तेवढा वेळ तो चालूच धरला जातो. सळई सेकंदाला 5 मीटर धावत असेल, तर तेवढ्यात शेपूट 1 मीटर पुढे गेलेलं असतं. त्यापेक्षा वाफेच्या अलीकडची जागा शोधा.

काच साफ ठेवायला हवा सोडतात, पण कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असलं तर काचेवर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. फिल्टर लावा. काच दर पाळीला सुती फडक्याने पुसा, मिल थांबवून, मेन स्विचला लॉक लावूनच.

आमचा पत्रा अजून तसाच फुटका आहे. नळीवर भागलंय, म्हणून स्टोअरवाले नवा देत नाहीत.