मेरीलँडची सनद वाचताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधिकेसाठी मी मेरीलँड निवडलं ते निव्वळ आळसापोटी. कॅल्व्हर्ट या एकाच घराण्याच्या मालकीची, अमेरिकेतली इंग्रजी वसाहत, म्हणजे मालकांची नावं नि गव्हर्नरांची यादी केली की काम झालं, असा हिशेब होता. नव्याने या विषयात शिरणाऱ्यांनी तो करू नये.

आधी सनद वाचा. मूळ लॅटिन असली तरी इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. इंग्लंडच्या राजाने, पहिल्या चार्ल्सने, ती 20 जून 1632 ला दिली. ती मागणारा जॉर्ज कॅल्व्हर्ट दोनच महिने आधी वारला होता, त्यामुळे ती मुलाच्या, सेसिलियसच्या नावे झाली. मोबदला काय, तर दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात विंडसरच्या किल्ल्यात तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे अमेरिकन इंडियनांचे, दोन बाण, आणि सोनं-चांदी सापडलीच तर पाचवा हिस्सा. या बाणांत मी आठवडाभर रमलो. तुम्ही रमू नका. पेन्सिल घेऊन बसायचं ते कायद्यांच्या कलमाशी. कायदे मालकाने करायचे, पण स्वतंत्र रहिवाशांच्या सल्ल्याने आणि संमतीने.

सगळी भांडणं त्या 'पण'मधून निघाली. 1634 ला वसाहतवाले उतरले आणि पुढच्याच वर्षी या रहिवाशांच्या सभेने कायदे केले. इंग्लंडमध्ये बसलेल्या सेसिलियसने ते फेटाळले. 1638 ला त्याने स्वतःचा मसुदा पाठवला, तर तो सभेने उडवला. शेवटी मालक नमला. कायदा सुचवण्याचा हक्क सभेकडे गेला, नकाराधिकार त्याच्याकडे राहिला. हा माणूस मेरीलँडला एकदाही गेला नाही!

इथेच मी तारखांत अडकलो. तेव्हाचं इंग्रजी वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून 1638 च्या जानेवारीतली सभा कागदोपत्री 1637 ची दिसते. जानेवारी ते मार्चमधली प्रत्येक तारीख दोनदा तपासा.

1649 च्या धार्मिक सहिष्णुता कायद्यावरही भाळू नका. येशूचं देवत्व किंवा त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणाऱ्याला त्यातच मृत्युदंड सांगितलाय.

माझी मोठी चूक पुढची. 1689 ला प्रोटेस्टंटांनी कॅथलिक कॅल्व्हर्टांविरुद्ध उठाव केला, 1691 पासून कारभार राजाकडे गेला, आणि मी बिनधास्त लिहिलं, 'कॅल्व्हर्टांची मालकी संपली.' मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं: 'मग भाडं कोण घेत होतं?' सनदेत जमीन आणि राज्यकारभार एकत्र दिले होते, पण गेला तो फक्त कारभार. जमीन आणि तिचं वार्षिक भाडं, म्हणजे क्विटरेंट, कॅल्व्हर्टांकडेच राहिलं. बेनेडिक्ट कॅल्व्हर्टने कॅथलिक पंथ सोडल्यावर 1715 ला कारभारही घराण्याकडे परतला, तो थेट अमेरिकन क्रांतीपर्यंत.

कागद हवे असतील तर 'आर्काइव्ह्ज ऑफ मेरीलँड'चे खंड ऑनलाइन फुकट आहेत. पहिल्या खंडातले सभेचे वृत्तांत घ्या. शुद्धलेखन भयंकर आहे, मोठ्याने वाचलं की उलगडतं. कंटाळा आलाच, तर जोडीला 1668 ची मुंबईची सनद काढा. दुसऱ्या चार्ल्सने वर्षाला 10 पौंडांवर बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, तेव्हा तिथेही जमीन आणि कारभार एकत्रच दिलेले दिसतील.