सुबानेन भाषा ऑस्ट्रोनेशियन भाषाकुटुंबाच्या झाडावर नेमक्या कुठे बसतात, हे स्वतः कसं तपासायचं

आधी नावांचा घोळ निस्तरा, नाहीतर सर्चमध्येच अर्धा दिवस जाईल. सुबानेन, सुबानोन, सुबानुन, सुबानू असं काहीही लिहिलेलं सापडतं आणि ते सगळं एकाच गटाबद्दल असतं, म्हणजे फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटाला पश्चिमेकडे जो झांबोआंगा द्वीपकल्प आहे तिथल्या लोकांबद्दल. आणि ही एक भाषा नाहीये बरं का, सिंदांगानकडची मध्य सुबानेन, लापुयानची दक्षिण, सिओकोनची पश्चिम, शिवाय उत्तर, पूर्व आणि मुस्लिम कोलिबुगान लोकांची, असे आयएसओचे, म्हणजे भाषांना दिलेले आंतरराष्ट्रीय, ६ वेगवेगळे कोड आहेत. त्यामुळे शब्दयादी हातात आली की पहिलं बघायचं की ती कुठली आहे, कारण सिओकोन आणि सिंदांगान एकत्र कालवलं की पुढचं सगळं बोंबललं.

यादी ऑनलाइन फुकट मिळते. ऑस्ट्रोनेशियन बेसिक व्होकॅब्युलरी डेटाबेसमध्ये या दोन्ही ठिकाणच्या आहेत, आणि मूळ रूपांसाठी, म्हणजे अभ्यासकांनी तुलना करून बांधलेल्या पूर्वज शब्दांसाठी, भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांची ऑस्ट्रोनेशियन कम्पॅरेटिव्ह डिक्शनरी बाजूच्या टॅबमध्ये उघडी ठेवा.

आता बरेच जण इथे लगेच खूश होतात की सुबानेनमध्ये डोळा म्हणजे माता आणि पाच म्हणजे लिमा, मलयमध्ये तेच, फिजीत डोळा माता, हवाईत माका, मादागास्करमध्ये पाचाला दिमी, झालं सिद्ध! सिद्ध काय झालं तर एवढंच की भाषा ऑस्ट्रोनेशियन आहे. तैवानमधून निघून मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या हजाराहून जास्त भाषांच्या कुटुंबात हे कळून फारसं काही हाती लागत नाही. जुनं सगळ्यांनीच सांभाळून ठेवलंय, त्यावरून कोण कोणाला जवळचं ते ठरत नाही. जवळीक ठरते ती एकत्र केलेल्या बदलांवरून, सगळी मेख इथेच आहे.

बदल शोधायला सगळ्यात सोपा आवाज म्हणजे मूळ रूपांमध्ये अभ्यासक जो कॅपिटल आरने (R) लिहितात तो. नवीन या अर्थाचा शब्द घ्या, मलयमध्ये बारू, पण फिलिपिन्समधल्या तागालोगमध्ये बागो आणि कापाम्पांगानमध्ये बायू, म्हणजे त्या एका आवाजाचं कुठे र झालं, कुठे ग, कुठे य. सुबानेन भाषा ग वाल्यांच्या बाजूला पडतात, सोबत फिलिपिन्सच्याच मानोबो, मारानाव-मागिंदानाव आणि तागालोग-सेबुआनो वगैरे भाषा. पण एकट्या ग वर भरवसा ठेवू नका, असा बदल दुसरीकडे वेगळ्यानेही होऊ शकतो, म्हणून जोडीला अशा नव्या शब्दांचा गठ्ठा लागतो जे फक्त याच भाषांमध्ये आहेत आणि बाहेर कुठे नाहीत.

यानंतर उसने शब्द चाळायचे आणि इथे मात्र घाई नको. विसाव्या शतकात या भागात सेबुआनो बोलणारे लोक प्रचंड संख्येने येऊन वसले, त्यामुळे सेबुआनो शब्द खूप घुसलेत, आणि स्पॅनिश शब्दसुद्धा बरेचसे त्यांच्यामार्फतच. मराठीत अर्ज, जमीन, दरवाजा आहेत म्हणून ती फारसीची बहीण होत नाही, तसंच हे. शब्द सेबुआनोशी हुबेहूब जुळला की संशय घ्या. उलट आगीसाठी गापुय बघा, तागालोगमध्ये आपोय, मलयमध्ये आपी, आणि सेबुआनोत मात्र कालायो, म्हणजे हा त्यांच्याकडून आलेला असूच शकत नाही. सुरुवातीचा तो ग पण लक्षात ठेवा, डोक्यालाही गुलू म्हणतात जिथे तागालोग आणि सेबुआनोत नुसतं उलो आहे. स्वराने सुरू होणाऱ्या बऱ्याच नामांना सुबानेनमध्ये असा जास्तीचा ग चिकटलेला दिसतो, तो आधीच्या आर वाल्या ग मध्ये मोजू नका, दोन्हींचा काही संबंध नाही.

गटाच्या आतही मजा आहे. दक्षिण सुबानेनमध्ये ख, थ, फ सारखे महाप्राण आवाज आहेत! फिलिपिन्सच्या भाषांमध्ये हे अगदी दुर्मिळ, आपल्याला ऐकायला काहीच विशेष वाटणार नाही तो भाग वेगळा. लोबेल आणि हॉल या अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवलं की हे जोडव्यंजनांपासून तयार झालेत, म्हणजे नंतरची घरगुती घडामोड आहे, त्यावरून दूरचं नातं जोडायला जाऊ नका.

एवढं झालं की ब्लस्ट यांची १९९१ ची मांडणी वाचा, ग्रेटर सेंट्रल फिलिपाइन. तीत सुबानेन ही सेंट्रल फिलिपाइन (तागालोग, सेबुआनो वगैरे), मानोबो, दानाव (वरच्या मारानाव-मागिंदानाव याच), पालावान, दक्षिण मांग्यान यांच्या बरोबरीची स्वतंत्र फांदी आहे, आणि चक्क इंडोनेशियातल्या उत्तर सुलावेसीच्या गोरोंतालो-मोंगोंदोव भाषाही त्यात येतात. म्हणजे सुबानेन सेबुआनोची पोटभाषा नाही, चुलत घर आहे. १९१३ मध्ये फिन्ली आणि चर्चिल यांनी या लोकांना सब-विसायन म्हटलं होतं (विसायन म्हणजे सेबुआनो ज्यात येते तो गट), तसलं जुनं लेबल दिसलं तर त्यावरून फांदी ठरवू नका.

त्याच्या वर मलायो-पॉलिनेशियन (तैवानबाहेरच्या भाषांची मोठी फांदी), त्याच्या वर ऑस्ट्रोनेशियन, इथपर्यंत भांडण नाही. मधे प्रोटो-फिलिपाइन, म्हणजे फिलिपिन्सच्या भाषांची एकच सामाईक पूर्वज भाषा, अशी एक पायरी ठेवायची का यावर मात्र वाद आहे, ब्लस्ट हो म्हणत होते, लॉरेन्स रीड आणि माल्कम रॉस या भाषाशास्त्रज्ञांना ते पटत नाही, त्यामुळे तुमच्या आकृतीत ती रेघ तुटक काढा.